उरलेल्या चौदा पुड्या

१

वोल्सुनला पाण्यातून बाहेर काढलं तेव्हा तिच्या जाळीत एकही शंख नव्हता.

ही गोष्ट त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्याही नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते, वारा उत्तरेचा होता, आणि काळ्या खडकांवर गावातल्या, तळातले शंख काढायला बुडी मारणाऱ्या बाकीच्या सतरा बायका रबरी पोशाखात निथळत उभ्या होत्या. एकीनं वरच्या रस्त्यापर्यंत पळत येऊन मला हाक मारली. मी गावच्या आरोग्य केंद्राची नर्स, यांग. एकोणीस वर्षं याच गावात आहे, त्यामुळे कुणाचं काय दुखतं हे मला त्यांच्या लेकरांपेक्षा जास्त माहीत, असा माझा समज होता.

वोल्सुनचा श्वास चालू होता, पण ओ देत नव्हती. मी तिचं बोट टोचून थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आला, एकवीस.

मला वाटलं, यंत्रच बिघडलं. दुसरं बोट टोचलं. तेवीस. उपाशी माणसाची साखरसुद्धा नव्वदच्या आसपास असते. पन्नासच्या खाली माणूस बरळायला लागतो. एकवीसला तो जिवंत आहे हेच नवल. आणि वोल्सुनचं तर अकरा वर्षांचं दुखणं साखर चढण्याचं होतं, उतरण्याचं नव्हे.

मी शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. रुग्णवाहिका आली. तिसऱ्या दिवशी, शहरातल्या मोठ्या इस्पितळात, डोळे न उघडताच ती गेली. वय त्र्याहत्तर. चौदाव्या वर्षापासून समुद्रात उतरत होती.

पोलीस आले, अपघात असं लिहून गेले. गावानं मात्र वेगळंच लिहिलं. अंत्यविधीच्या दिवशी वोल्सुनची सून सोजॉन्ग शोकाच्या काळ्या कपड्यात पाहुण्यांना डुकराच्या रश्शाच्या वाट्या देत होती. सगळ्या बायकांची म्होरकी इन्ह्वा, वय सत्त्याहत्तर, वोल्सुनची साठ वर्षांपासूनची जोडीदारीण. तिच्यासमोर वाटी आली, तशी तिनं ती हातानं मागं सारली.

"तुझ्या हातचं आता मी खायचं?" ती म्हणाली. "त्या सकाळी मी वोल्सुनला बोलवायला आले होते. दारातून बघितलं मी. तुझ्या हातात औषधाच्या दोन फाटक्या पुड्या होत्या. दोन! म्हातारीला एका वेळी दोन पुड्या पाजल्यास होय गं?"

सोजॉन्गचा नवरा कितेक आईच्या तसबिरीशेजारी मान खाली घालून बसला होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

सोजॉन्ग समुद्रापलीकडची, मुख्य भूमीवरची. दहा वर्षं झाली लग्नाला, मूलबाळ नाही. आमच्या बेटावर दहा वर्षांत कुत्रंसुद्धा गावचं होतं, पण पलीकडून आलेली सून नाही होत.

पुढच्या शुक्रवारी ती माझ्या केंद्रात आली. हातात एक प्लास्टिकची पिशवी.

"यांगबाई, मी आईंना दोन पुड्या दिल्या का हो?"

"मला काय विचारतेस? तुला माहीत असणार."

"मला एक दिल्याचं आठवतं. पण दोन दिल्या असत्या, तरी मला एकच आठवली असती ना?" ती रडत नव्हती. आठवडाभरात तिचं रडून झालं होतं. "कितेक माझ्याशी बोलत नाहीत. परवा, रविवारी सकाळच्या बसनं मी विमानतळावर जातेय, माहेरी. तेवढ्यात मला एवढंच शोधून द्या. मी मारलं का आईंना?"

२

आमच्याकडे औषधाच्या दुकानात एका वेळच्या सगळ्या गोळ्या एका छोट्या पारदर्शक पुडीत भरून देतात. पुड्यांची लांबलचक ओळ असते, रोज एक फाडायची. वर छापलेलं असतं, "सकाळी, जेवणानंतर". सोय मोठी छान. एकच तोटा, पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कधीच माहीत होत नाही. पांढरी, गुलाबी, पिवळी, घे आणि गीळ.

सोजॉन्गनं पिशवीतून ती ओळ काढली. तीस दिवसांची होती, एक नोव्हेंबरला सुरू झालेली. वोल्सुन पडली ती तारीख वीस. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

"मोजल्यास?"

"हिंमत झाली नाही."

मी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

वीस पुड्या गेल्या असतील तर दहा उरायला हव्यात. एक जास्तीची पाजली असेल तर नऊ. माझ्या टेबलावर चौदा होत्या.

"चौदा?" सोजॉन्ग म्हणाली. "जास्तच आहेत की!"

चोर पकडायला जावं आणि घरातल्या वस्तू वाढलेल्या सापडाव्यात, असं झालं. चार दिवस वोल्सुननं पुडी घेतलीच नव्हती. पण कुठले चार?

मला मच्छीमार संस्थेच्या भिंतीवरचा फळा आठवला. भरती-ओहोटी आणि वारा बघून बायकांनी पाण्यात उतरायचे दिवस त्यावर खडूनं लिहिलेले असतात. फोन करून विचारलं. नोव्हेंबरात सहा, सात, आठ, एकोणीस आणि वीस.

विसाच्या आधी बरोबर चार.

बुडी मारणाऱ्या बायका सकाळी जेवत नाहीत. भरल्या पोटी डोकं खाली करून बुडालं की सगळं घशाशी येतं, म्हणून शेकडो वर्षांची ही रीत आहे. आणि पुडीवर लिहिलेलं, जेवणानंतर. वोल्सुन शब्दाची पक्की. जेवण नाही, तर पुडी नाही. कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ठरवलं होतं. आणि तेच बरोबर होतं, कारण साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेऊन दोन तास पाण्यात राबणं म्हणजे विस्तवाशी खेळ.

त्या उपाशीपोटीच्या बुड्या मला एकोणीस वर्षं माहीत होत्या. त्या पुड्याही माहीत होत्या. दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

"म्हणजे वीस तारखेला एकच गेली," मी सोजॉन्गला म्हटलं. "दोन गेल्या असत्या तर तेरा उरल्या असत्या. इन्ह्वाचं चुकलंय."

तिचा चेहरा एक क्षण उजळला. मग पुन्हा विझला.

"पण ती एक तरी का गेली, बाई? बुडीच्या दिवशी तर त्या घेत नव्हत्या."

"तेच विचारतेय मी तुला."

"नोव्हेंबरात मी पहाटेच संत्री निवडायच्या कामावर जाते. पुड्यांची ओळच वाटीशेजारी ठेवून जायचे, घेतात की नाही बघायला कुणी नसायचं. वीस तारखेला आमची सुट्टी होती. मी समोर उभी राहिले. म्हटलं, आई, दोन चमचे पेज खा आणि माझ्यासमोर गिळा. त्या नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही."

"का ऐकलं नाहीस?"

सोजॉन्गनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"ऑक्टोबरात आईंची साखर वाढलेली आली, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना. म्हातारी गोळ्या चुकवतेय, समोर उभी राहून घ्यायला लाव."

३

शनिवारी सकाळी मी तालुक्याच्या गावी मुन यांच्या औषधाच्या दुकानात गेले. मुन साठीचे, नाकावर चष्मा, आणि नाकावरच राग.

"माझ्या यंत्रातून चूक जात नाही," मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "दुकानात चूक शोधायला आली असाल तर चहा घ्या आणि परत जा."

मी एक पुडी काउंटरवर ठेवली. त्यांनी ती फाडली, पांढऱ्या कागदावर गोळ्या ओळीनं मांडल्या आणि शिक्षकाच्या थाटात चिमट्यानं दाखवायला लागले. "ही पोटाची. ही चरबीची. ह्या दोन साखरेच्या. एक साधी, एक तिखट. तिखट म्हणजे पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढणारच. ती एक तारखेपासून दुप्पट ताकदीची आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आहे माझ्याकडे."

"दुप्पट का केली?"

"ऑक्टोबरात साखर चढलेली होती म्हणून. गोळी पुरत नाही असं डॉक्टरांना वाटलं."

गोळी पुरत होती. बुडीच्या दिवशी ती पोटात जात नव्हती, एवढंच. पण वोल्सुननं डॉक्टरांना ते सांगितलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि माझ्यासारख्या दीडशहाणीला वाटलं की म्हातारी आळशी आहे.

"मुनसाहेब, ही दुप्पट गोळी, दोन चमचे पेज, आणि समुद्रात तास-दीड तास. साखर किती उतरेल?"

त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी ती तिखट गोळी चिमट्यानं बाजूला काढली.

"पन्नास. फार तर पंचेचाळीस. चक्कर येईल, बाहेर येऊन बसेल, कुणीतरी गोड देईल."

"एकवीस होती."

"मग ह्या कागदावर जे आहे त्यानं ती मेली नाही."

त्यांनी संगणकावर तिचं नाव घातलं. देशातल्या कुठल्याही डॉक्टरनं कुणालाही काहीही लिहून दिलं की ते तिथं दिसतं, दोन औषधांचं जमत नसेल तर तांबडी ओळ येते. वोल्सुनच्या नावावर तांबडं काही नव्हतं. ह्या पुड्या, आणि माझ्या केंद्रातून दिलेली रक्तदाबाची गोळी. बस्स.

"अजून काहीतरी आहे," मुन चष्मा पुसत म्हणाले. "ह्या तिखट गोळीला आतून रेटा देणारं काहीतरी. यादीत नाही, म्हणजे डॉक्टरनं दिलेलं नाही. कुणीतरी आपल्या हातानं दिलंय तिला."

४

बुडी मारणाऱ्या बायकांची कपडे बदलायची खोली धक्क्याजवळ आहे. मध्ये शेगडी, भोवती लाकडी फळ्या, भिंतीला अठरा खुंट्या. वोल्सुनची खुंटी रिकामीच ठेवली होती. मी गेले तेव्हा सहा-सात जणी रताळी भाजत बसल्या होत्या.

"आली बघा जासूद!" ओकजा म्हणाली. ही सगळ्यांत धाकटी, म्हणजे त्रेसष्ट वर्षांची. "काय गं यांगबाई, आता सुया टोचायच्या सोडून चौकशा करतेस?"

"तुमचं रक्त काढून काही निघत नाही, म्हणून तोंड उघडवायला आलेय."

हसल्या. मी रताळं घेतलं आणि विचारलं, त्या सकाळी वोल्सुननं काय घेतलं होतं?

"काय घेणार? डोकेदुखीची पूड. आम्ही सगळ्याच घेतो, पाण्यात उतरायच्या आधी. ती नाही घेतली तर वर आल्यावर डोकं फुटतं."

ती पूड मी ओळखते. पोटाला वाईट, साखरेला काही करत नाही. त्यात आणि एकवीसच्या आकड्यात कावळा बसण्याचा आणि फांदी तुटण्याचाही संबंध नव्हता.

"पाण्यात कशी होती ती?"

ओकजाचं हसू गेलं. "बिनसलेलं होतं तिचं. मी जवळून गेले, विचारलं, सामचुन, काय काय लागलं हाताला? तर नुसती बघत राहिली." आमच्याकडे वडीलधाऱ्यांना, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणतात. "दोनदा वर येऊन चुकीच्या बाजूला पोहायला लागली. आम्हांला वाटलं रुसलीय कुणावर तरी. नंतर जाळी बघितली तर रिकामी! तिची जाळी, यांगबाई! दहा हात खोल जाऊन जी दोन्ही हातात शंख घेऊन येते, तिची तासाभरानंतर जाळी रिकामी!"

म्हणजे एकाएकी पडली नव्हती. तासभर साखर उतरत होती, तासभर डोकं हरवत होतं. एवढ्या वेळात हात थरथरायला हवे होते, छातीत धडधडायला हवं होतं. अशा वेळी अंगच ओरडून सांगतं, बाहेर पड. वोल्सुनचं अंग गप्प का राहिलं?

मी रताळं खाली ठेवलं.

रक्तदाबाची गोळी. तिचं कामच छातीची धडधड शांत ठेवायचं. थरथर नाही, धडधड नाही. उरतो तो घाम, पण पाण्यात घाम कुणाला कळणार? दोन वर्षं दर महिन्याला मी माझ्या हातानं ती गोळी तिला देत होते. वर म्हणत होते, सामचुन, कशी सुंदर नाडी आहे तुमची.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "कान बरा झाला म्हणून खूश होती बिचारी आदल्या दिवशी."

"कुठला कान?"

"डावा. आठवडाभर कापूस घालून फिरत होती. पाणी येत होतं कानातून."

"डॉक्टरकडे गेली होती?"

"छे! कानाचा डॉक्टर पंधरा दिवस पाणी बंद करतो. शंखांचा हंगाम नुकताच सुरू झालेला, कोण जाईल?"

"मग बरा कसा झाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. औषधावाचून खोकला जातो तसा गेला असेल, असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ह्याच बायका. एखादीला दिवसभर काही लागलं नाही, तर बाकीच्या न बोलता आपल्यातले चार शंख तिच्या जाळीत टाकतात. ह्यांच्यात कुणी एकटीच्या मालकीचं काही ठेवत नाही. दुखणंही नाही, आणि औषधही नाही.

"ह्या महिन्यात कानाच्या डॉक्टरकडे कोण गेलं होतं?" मी विचारलं.

ओकजानं सहज उत्तर दिलं. ते नाव ऐकून मला घरी जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं.

५

इन्ह्वा अंगणात मुळा किसत होती.

"ये. बस. कुट्टूच्या पिठाचं धिरडं करतेय, खाऊन जा." मग हात न थांबवता म्हणाली, "त्या सुनेचं लागलं का काही?"

"सामचुन, तिनं एकच पुडी दिली होती. मी मोजलंय."

"मी माझ्या डोळ्यांनी दोन बघितल्या."

ते कोडं मी वाटेत सोडवून आले होते. संत्र्यांच्या गोदामात कितेकला गाठलं होतं. "दुसरी पुडी कुणाची?" म्हटल्यावर तो पेट्यांच्या राशीकडे बघत बोलला, "माझी. खोकल्याची. मी घेऊन ताटलीत टाकली होती, तिनं उचलली असेल."

"हे तुला आत्ता आठवलं?"

"तेव्हाच आठवलं होतं, अंत्यविधीला."

"मग इन्ह्वा सगळ्यांसमोर बोलत होती तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस, पण आई हरवलेल्या पोरासारखा चेहरा. "तिनं नाही मारलं, तर मग कुणी मारलं, यांगबाई? कुणीतरी तर मारलंच ना!"

हे सगळं मी इन्ह्वाला सांगितलं. किसणी थांबली.

"असेल," ती म्हणाली. चूक कबूल करायची तिला सवय नव्हती. "मग काय समुद्रानं मारलं?"

"सामचुन, तुमच्या कानाच्या गोळ्या दाखवा जरा."

ती आत गेली, पिशवी घेऊन आली. सात दिवसांचं औषध. पहिल्या दोन दिवसांनंतरची आख्खी ओळ फाडलेली होती, पिशवीत फक्त दुकानाचा कागद उरला होता. कागदावर गोळीचं नाव होतं. कानातले जंतू मारणारी, जोरकस. साखरेच्या त्या तिखट गोळीबरोबर म्हाताऱ्या माणसानं घेऊ नये अशी.

"तुम्ही दोनच दिवस घेतल्या?"

"दोन दिवसांत थांबला ठणका. मग कशाला घ्यायच्या?"

"उरलेल्या कुठं गेल्या?"

ती हसली. तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान मी कधी विसरणार नाही.

"वोल्सुनला दिल्या. रविवारपासून. टाकून कशाला द्यायच्या, एवढं भारी औषध! ती रडकुंडीला आली होती कानानं. बुधवारी म्हणते कशी, अगं, तरण्या पोरीचा कान दिलास मला. गुरुवारी खडकावर आम्ही शेजारी बसलो होतो, शेवटची गोळी मी माझ्या हातानं तिच्या जिभेवर..."

ती थांबली. माझा चेहरा लपवता आला असता तर मी लपवला असता. पण साठ वर्षं ही बाई पाण्याचा रंग बघून वारा सांगत आली आहे.

"काय आहे त्या गोळीत?"

मी इथं खोटं बोलू शकले असते. वाटेभर मी तेच घोकत आले होते. काही नाही सामचुन, सहज विचारलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला हे कळून कुणाचं भलं होणार होतं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बसनं एक बाई हाच प्रश्न घेऊन निघणार होती, आणि गावानं तिला खुनी ठरवलं होतं. एकीला वाचवायचं तर दुसरीला बुडवावं लागत होतं, आणि मला पोहता येत नव्हतं.

मी सांगितलं. एकेक करून, सगळं. डॉक्टरांची दुप्पट गोळी. मी सुनेला भरलेला दम. सुनेनं समोर उभं राहून दिलेली पुडी. रिकामं पोट. धडधड दाबणारी माझी गोळी. आणि त्या सगळ्याला रेटा देणारी कानाची गोळी.

"एकट्या तुमच्या गोळीनं नाही झालं, सामचुन," मी म्हटलं.

"एकट्या नाही म्हणजे झालंच की."

तिनं किसणी उचलली, मुळा किसायला घेतला. मुळा संपला तरी तिचा हात किसणीवर फिरत होता. मी तिचा हात धरला, तेव्हा बोटांतून रक्त येत होतं.

६

त्याच दुपारी इन्ह्वानं सगळ्या बायकांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. "सून निर्दोष आहे. वोल्सुनच्या तोंडात शेवटची गोळी मी घातली." ती रडली नाही. बायका रडल्या. म्हणाल्या, तुम्हांला काय माहीत होतं! कुणालाच काय माहीत होतं!

कुणालाच काही माहीत नव्हतं, ह्यापेक्षा मोठा गुन्हा मला अजून सापडलेला नाही. डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, मुन बरोबर, मीही आपल्या जागी बरोबरच. आणि वोल्सुन मेली.

रविवारी सकाळी मी थांब्यावर गेले. मनात एक वेडी आशा होती. चोर सोडून संन्याशाला होणारी फाशी टळली, आता सगळं ठीक होईल. सोजॉन्ग बाकावर बसली होती, पायाशी पिशवी. कितेक तिच्यासमोर उभा होता. काल संध्याकाळी मी दोघांनाही सगळं सांगितलं होतं, गोदामातलं बोलणंसुद्धा.

"नको जाऊस," तो म्हणत होता. "माझं चुकलं. सगळ्या गावाला कळलंय आता. इन्ह्वा सामचुनही तुझी माफी मागायला येतेय. घरी चल."

"तुम्हांला अंत्यविधीच्या दिवशीच आठवलं होतं," सोजॉन्ग शांतपणे म्हणाली. "मी तेव्हापासून दिवस मोजतेय."

तो बाजूला जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून इन्ह्वा येताना दिसली, दोन बोटांना पट्टी, पाठ पार वाकलेली. आठवड्यापूर्वी ही बाई ताठ चालत होती. ती बाकाजवळ आली आणि माझा हात धरून खाली, गुडघ्यांवर बसायला लागली. सोजॉन्गनं झटकन उठून तिला दंडाला धरून वर उचललं.

"नका, सामचुन. तुम्ही प्रेमानं दिलीत."

"तूही प्रेमानंच दिलीस," इन्ह्वा म्हणाली.

मग दोघी माझ्याकडे वळल्या. उत्तरं माझ्याकडे असतात असं गावाला वाटतं.

"यांगबाई, खरं सांगा," सोजॉन्ग म्हणाली. "त्या सकाळी मी पुडी दिली नसती, तर आई वाचल्या असत्या?"

मी इन्ह्वाकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"वाचल्या असत्या," मी म्हटलं.

"आणि मी कानाची गोळी दिली नसती, तर?" इन्ह्वानं विचारलं.

"तरी वाचल्या असत्या."

माझ्याबद्दल दोघींनी विचारलं नाही. मीच म्हणाले, "मी तुला समोर उभी राहा म्हणाले नसते, तरी वाचल्या असत्या." वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. दोष वाटून घेतला की हलका होतो असं मला रात्रभर वाटत होतं. तसं काही नसतं. तो तिघींत वाटला, तरी प्रत्येकीच्या वाट्याला अख्खाच येतो.

वळणावर बस दिसली. सोजॉन्गनं इन्ह्वाच्या बोटांवरची सैल झालेली पट्टी नीट गुंडाळून दिली, मग माझ्याजवळ आली.

"तुम्ही शोधून काढलंत, फार उपकार झाले," ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणूनच तो सहन होईना. "आधी मला वाटत होतं, मारलं असेन. आता कसं मारलं ते कळलं."

बस थांबली, दार उघडलं. मी तिची पिशवी उचलून पायरीवर ठेवली.